काचेच्या आवरणातली चुंबकीय तार: केसाहून बारीक, पण वर्गात शिकवण्यासारखी



सातवी-आठवीच्या वर्गात चुंबकत्वाचा पाठ सुरू झाला की फळ्यावर दोन रकाने पडतात. एका बाजूला लोखंड, निकेल, कोबाल्ट. दुसऱ्या बाजूला तांबं, ॲल्युमिनियम, लाकूड, काच, प्लास्टिक. पहिले चुंबकाला चिकटतात, दुसरे चिकटत नाहीत. सुरुवातीला हे वर्गीकरण बरोबरच आहे. अडचण पुढे येते. मुलं दहावी ओलांडली तरी या दोन रकान्यांतून बाहेर पडत नाहीत. चुंबकत्व म्हणजे पदार्थाच्या नावाबरोबर येणारी गोष्ट, असा त्यांचा समज पक्का होतो. लोखंड म्हटलं की चुंबकीय, काच म्हटलं की नाही, विषय संपला!

आज आपण अशी एक वस्तू बघणार आहोत जिच्यात या दोन्ही रकान्यांतले पदार्थ एकत्र नांदतात, आणि ‘अचुंबकीय’ काच ‘चुंबकीय’ धातूचं वागणं बदलून टाकते. तिचं नाव ग्लास-कोटेड मायक्रोवायर, म्हणजेच काचेचं आवरण असलेली सूक्ष्मतार. आत धातूचा गाभा, त्याचा व्यास साधारण १ ते ५० मायक्रोमीटर. त्याभोवती काही मायक्रोमीटर जाडीची काच. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे बहुतेक वेळा ही तार काचेसकट केसापेक्षाही बारीक असते.

या तारेकडून शिकायची मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगायची तर: एखादी वस्तू चुंबकाच्या सान्निध्यात कशी वागेल हे ती कशापासून बनली एवढ्यावर ठरत नाही, ती कशी थंड झाली, अणू कसे मांडले गेले आणि ती किती ताणात आहे, यावरही ठरतं. हे कसं, ते पायरीपायरीने पाहू.

तार बनते कशी?

या पद्धतीला टेलर-उलितोव्स्की पद्धत म्हणतात. जी. एफ. टेलर यांनी १९२४ मध्ये काचेच्या नळीत धातू वितळवून दोन्ही एकदम ओढायची आणि अतिशय बारीक तंतू मिळवायची युक्ती मांडली. पुढे सोव्हिएत संघात उलितोव्स्की यांनी तिच्यात सुधारणा केली, आणि लांबच लांब तार सलग काढता येऊ लागली.

कृती ऐकायला सोपी आहे. पायरेक्ससारख्या काचेची एका टोकाला बंद असलेली नळी घ्यायची. तिच्यात काही ग्रॅम मिश्रधातू टाकायचा. नळीचं टोक उच्च वारंवारतेच्या कॉइलमध्ये धरायचं. घरच्या इंडक्शन शेगडीत ज्या तत्त्वाने भांडं तापतं, त्याच तत्त्वाने इथे धातू वितळतो. वितळलेल्या धातूच्या उष्णतेने काच मऊ पडते. त्या मऊ काचेचं टोक पकडून खाली ओढलं की काचेची केसासारखी नळी निघू लागते आणि धातूचा रस तिच्या पोटात भरत जातो. लगेच ती पाण्याच्या धारेतून जाते, थंड होते आणि फिरत्या रिळावर गुंडाळली जाते.

एकतारी पाक बघताना आपण दोन बोटांत पाक घेऊन तार ओढतो ना, तसंच काहीसं. फक्त इथे पाकाच्या तारेच्या पोटात दुसऱ्या पदार्थाची तार आहे!

नववी-दहावीच्या मुलांना इथे एक गणित घालता येईल. गाभ्याचा व्यास २० मायक्रोमीटर आणि धातूची घनता दर घन सेंटीमीटरला ७.२ ग्रॅम धरा. एक किलोमीटर लांब तारेत धातू किती लागेल? उत्तर येतं सुमारे २.२६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा साखरेच्या वजनाएवढा धातू एक किलोमीटरला पुरतो. दंडगोलाच्या घनफळाचं सूत्र इतक्या गमतीशीर जागी वापरायला मिळतं, ही संधी सोडू नका.

स्फटिक व्हायला सवडच नाही

तार इतकी बारीक असल्यामुळे ती प्रचंड वेगाने थंड होते. हा वेग सेकंदाला एक लाख ते दहा लाख अंश सेल्सिअस इतका असतो. हजार-बाराशे अंशांवरचा रस सेकंदाच्या शंभराव्या, हजाराव्या भागात गार होतो.

नेहमीच्या धातूत अणू सैन्याच्या कवायतीसारखे ओळीने उभे असतात. यालाच आपण स्फटिकरचना म्हणतो. पण ओळी लावायला वेळ लागतो. इथे तो वेळच मिळत नाही. द्रवात अणू जसे विस्कळीत होते तसेच जागच्या जागी गोठतात. अशा धातूला अमॉर्फस, म्हणजे अस्फटिकी धातू म्हणतात. पहिला असा मिश्रधातू, सोनं आणि सिलिकॉनचा, पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तयार केला.

मुलांना हे समजवायला जत्रेतले ‘म्हातारीचे केस’ आठवायला सांगा. साखर तापवून वितळवतात, फिरत्या चकतीतून बारीक छिद्रांवाटे बाहेर फेकतात आणि हवेत ती क्षणात गोठते. साखर तीच, पण दाणे नाहीत. दाणे होण्याएवढा वेळ तिला मिळालेलाच नाही. तोच पाक पातेल्यात सावकाश थंड होऊ दिला तर कडेला खडे जमतात.

आपल्या तारेत अणूंची कवायत होऊ नये म्हणून आणखी एक काळजी घेतलेली असते. लोह किंवा कोबाल्टमध्ये साधारण पाव-एक भाग सिलिकॉन आणि बोरॉन मिसळतात. या निराळ्या आकाराच्या अणूंमुळे ओळी लागणं अवघड होतं.

चुंबकत्वाच्या दृष्टीने याचा फायदा काय? चुंबकीय पदार्थात छोटे छोटे विभाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. एका डोमेनमधल्या सगळ्या अणूंचं चुंबकत्व एकाच दिशेला असतं. दोन डोमेनच्या मधल्या सीमेला डोमेनभिंत म्हणतात. बाहेरून चुंबक जवळ आणला की या भिंती सरकतात आणि एका दिशेचे डोमेन मोठे होतात. साध्या लोखंडात स्फटिकांच्या कणांच्या हद्दी असतात, दोष असतात. त्यांत भिंती अडकत अडकत जातात. अमॉर्फस धातूत कणही नाहीत आणि त्यांच्या हद्दीही नाहीत. म्हणून भिंत सहज सरकते, आणि अगदी दुबळ्या क्षेत्रानेही चुंबकत्वाची दिशा बदलते.

काचेची पकड

आता काचेकडे वळू. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की काच म्हणजे वायरीवरच्या प्लास्टिकसारखं नुसतं वेष्टन असेल. ते काम ती करतेच. विजेपासून अलग ठेवते, गंज येऊ देत नाही. पण तिचं खरं काम वेगळं आहे.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी बसवतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. ती तापवून लाल केली की प्रसरण पावते आणि चाकावर चढते. मग पाणी ओतायचं. धाव आकसू पाहते, पण आत लाकूड असल्यामुळे तिला हवं तेवढं आकसता येत नाही. परिणामी धाव कायमची ताणात राहते आणि लाकूड दाबाखाली. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: एकमेकांना घट्ट धरलेल्या दोन वस्तूंपैकी जी जास्त आकसू पाहते, ती ताणली जाते.

आपल्या तारेत जागा उलट आहेत, नियम तोच. पायरेक्ससारखी काच थंड होताना फार थोडी आकसते. धातू तिच्या दुप्पट ते चौपट आकसू पाहतो. पण धातू काचेला चिकटलेला आहे. काच त्याला सोडत नाही. त्यामुळे धातूचा गाभा लांबीच्या दिशेने ओढलेल्या अवस्थेतच अडकतो. हा ताण शेकडो मेगापास्कल असू शकतो. तुलनेसाठी सांगायचं तर बांधकामातलं साधं पोलाद साधारण २५० मेगापास्कल ताणाला कायमचं लांबू लागतं. टेबलावर निवांत पडलेली ही तार आतून एवढी ताणलेली असते.

काचेचा थर गाभ्याच्या मानाने जितका जाड, तितका हा ताण जास्त. म्हणजे काचेची जाडी कमी-जास्त करून आतल्या धातूवरचा ताण ठरवता येतो.

ताणाचा चुंबकत्वाशी संबंध काय?

रस्त्यावरच्या डीपीजवळ उभं राहिलं की ‘हूं’ असा आवाज येतो. ट्रान्सफॉर्मरमधला गाभा सेकंदाला १०० वेळा किंचित लांबतो आणि आखडतो, त्याचा तो आवाज. चुंबकित होताना पदार्थाची लांबी बदलते, या परिणामाला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. बदल अगदी लहान असतो. लोह-सिलिकॉन-बोरॉनच्या अमॉर्फस धातूत तो दहा लाखांत सुमारे तीस भाग, म्हणजे एक मीटरला ०.०३ मिलिमीटर.

आता उलटा विचार करा. चुंबकित केल्याने लांबी बदलत असेल, तर तार ओढून लांबी बदलली तर? चुंबकत्वावर परिणाम व्हायला हवा, आणि तो होतो. जो धातू चुंबकित होताना लांबतो, त्याला ओढलं की त्याचं चुंबकत्व ओढीच्या दिशेने राहणं पसंत करतं. जो धातू चुंबकित होताना आखडतो, त्याचं चुंबकत्व ओढीच्या दिशेला आडवं जाऊ पाहतं.

या एका फरकातून मायक्रोवायरची दोन घराणी तयार होतात.

पहिलं घराणं: लोहाची तार, खटक्याचं काम

लोह जास्त असलेला मिश्रधातू चुंबकित होताना लांबतो. काचेने त्याला लांबीच्या दिशेने ओढून धरलेलं आहे. म्हणून तारेच्या मधल्या भागातलं सगळं चुंबकत्व लांबीच्या दिशेला उभं राहतं. मधोमध एकच लांबच लांब डोमेन, आणि बाहेर पातळ थरात केंद्राकडून परिघाकडे जाणाऱ्या दिशेचं चुंबकत्व.

अशा तारेला दोनच स्थिती ठाऊक असतात: चुंबकत्व या टोकाकडे किंवा त्या टोकाकडे. मधलं काही नाही. विजेच्या बटणाला हळूहळू दाबत नेलं तरी दिवा हळूहळू लागत नाही. एका क्षणी खटका पडतो. तसंच इथे उलट दिशेचं क्षेत्र वाढवत नेलं तर बराच वेळ काहीच होत नाही. मग एका ठरावीक मूल्याला तारेच्या टोकाशी थांबलेली डोमेनभिंत सुटते आणि एका झटक्यात दुसऱ्या टोकापर्यंत धावते. ही भिंत सेकंदाला एक किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकते. हवेतल्या ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, हे मुलांना आठवून द्या.

बारावीच्या शिक्षकांसाठी: या तारेचा हिस्टेरेसिस वक्र जवळजवळ काटकोनी चौकोन असतो. पुस्तकात काढतो तो तिरका, गोलसर आकार इथे दिसत नाही. १९१९ मध्ये हाइनरिक बार्कहाउझेन यांनी दाखवलं होतं की चुंबकत्व सलग बदलत नाही, लहान लहान उड्यांनी बदलतं. लोहाच्या मायक्रोवायरमध्ये त्या असंख्य उड्यांऐवजी एकच भली मोठी उडी असते.

ही उडी लागण्यासाठी तार किमान काही लांबीची हवी. साधारण १२० मायक्रोमीटर जाडीच्या, काच नसलेल्या अमॉर्फस तारेला सुमारे ७ सेंटीमीटर लांबी लागते. दहा-एक मायक्रोमीटरच्या काचेच्या आवरणातल्या तारेला जवळपास २ मिलिमीटर पुरतात. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा खटक्यासारखा वागतो, हे उपयोगाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.

दुसरं घराणं: कोबाल्टची तार, वाट अरुंद करणारी

कोबाल्ट जास्त असलेल्या मिश्रधातूत मॅग्नेटोस्ट्रिक्शन जवळपास शून्य किंवा किंचित उणं असतं. त्यामुळे तारेच्या बाहेरच्या भागातलं चुंबकत्व तारेला वेढून, बांगडीसारखं गोल राहतं. खटका पडत नाही. लांबीच्या दिशेने क्षेत्र लावलं की ते चुंबकत्व हळूहळू त्या दिशेला कलतं.

या तारेतून उच्च वारंवारतेची प्रत्यावर्ती धारा सोडली की खरी गंमत सुरू होते. अशी धारा वाहकाच्या पृष्ठभागालगत गोळा होते, याला त्वचा-परिणाम म्हणतात. धारा किती खोलवर शिरेल हे धातूच्या चुंबकीय पार्यतेवरही अवलंबून असतं. पार्यता जास्त, तर थर पातळ.

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. तारेची त्रिज्या १० मायक्रोमीटर, रोधकता १.३ मायक्रोओहम-मीटर, वारंवारता १ कोटी हर्ट्झ. सापेक्ष पार्यता १०० असेल तर धारा सुमारे १८ मायक्रोमीटर खोल जाऊ शकते, म्हणजे अख्खी तार तिला मोकळी आहे. पार्यता १०,००० असेल तर फक्त १.८ मायक्रोमीटर. आता धारेला कडेची पातळ साल तेवढी उरली. छेदाचं क्षेत्रफळ काढून पाहा, ते जवळजवळ एक तृतीयांश होतं, म्हणजे रोध तिप्पट झाला.

बाहेरचं क्षेत्र बदललं की पार्यता बदलते, पार्यता बदलली की वाट रुंद किंवा अरुंद होते, आणि तारेचा इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण अडथळा, बदलतो. याला जायंट मॅग्नेटोइम्पिडन्स परिणाम म्हणतात. अमॉर्फस तारांमधल्या या परिणामावर १९९४ मध्ये लारिसा पानिना आणि जपानचे कानेओ मोहरी यांचं काम प्रसिद्ध झालं आणि या विषयाकडे जगाचं लक्ष गेलं. चांगल्या मायक्रोवायरमध्ये हा बदल ६०० टक्क्यांपर्यंत मोजला गेला आहे.

काचच जबाबदार, याला पुरावा काय?

विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न यायलाच हवा. पुरावा सरळ आहे. प्रयोगशाळेत तारेवरची काच आम्लाने विरघळवून काढतात आणि त्याच धातूचा हिस्टेरेसिस वक्र पुन्हा मोजतात. लोहाच्या तारेत खटका पडायला लागणारं क्षेत्र कमी झालेलं दिसतं. अणू तेच, प्रमाण तेच, फक्त पकड सुटली.

दुसरा पुरावा उष्णतेचा. कोबाल्टच्या काही तारा काही शे अंशांवर थोडा वेळ तापवल्या तर आतला ताण सैलावतो आणि एरवी हळूहळू कलणारी तार चक्क खटक्यासारखी वागू लागते. एका घराण्यातली तार भट्टीत जाऊन दुसऱ्या घराण्यात येते! फळ्यावरच्या दोन रकान्यांत हे कुठे बसवायचं, ते तुम्हीच सांगा.

उपयोग कुठे?

*न शिवता मोजमाप.* लोहाच्या तारेचा खटका किती क्षेत्राला पडेल हे ताणावर आणि तापमानावर अवलंबून आहे. आता उलट बाजूने विचार करा. तारेचा बारीक तुकडा एखाद्या वस्तूत पुरून ठेवायचा. बाहेरून एका कॉइलने नियमित वाढणारं-घटणारं क्षेत्र द्यायचं. खटका पडला की दुसऱ्या कॉइलमध्ये विद्युतदाबाचं टोकदार शिखर उमटतं. ते किती वेळाने उमटलं यावरून आतलं तापमान किंवा ताण कळतो. आत बॅटरी नाही, वायर बाहेर काढलेली नाही. अंतर मात्र काही सेंटीमीटरांचंच चालतं.

याचं महत्त्व शरीराचा विचार केला की लक्षात येतं. हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या रोपणाभोवती जंतुसंसर्ग सुरू झाला तर तिथलं तापमान वाढतं, पण बाहेरून ते कळत नाही. टायटॅनियम चुंबकीय नाही, आणि कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र शरीरातून सहज पार जातं. म्हणून रोपणातच अशी तार ठेवून संसर्ग लवकर ओळखता येईल का, यावर स्लोव्हाकियातल्या कोशित्से इथल्या संशोधकांनी काम केलं आहे. त्याच धर्तीवर विमानांत आणि पवनचक्क्यांत वापरल्या जाणाऱ्या तंतुमय कंपोझिट पदार्थांत तार आधीच घालून ठेवायची आणि आतला ताण वेळोवेळी तपासायचा, असेही प्रयोग झाले आहेत. तार इतकी बारीक की तिच्यामुळे त्या पदार्थाच्या मजबुतीला फारसा धक्का लागत नाही.

*दुबळं क्षेत्र ओळखणं.* पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. मॅग्नेटोइम्पिडन्सवर चालणारे सेन्सर त्याच्या हजारो पट लहान, म्हणजे नॅनोटेस्लाच्या घरातलं क्षेत्रही ओळखू शकतात. जपानच्या आइची स्टील या कंपनीने अमॉर्फस तारेचे असे सेन्सर मोबाइलमधल्या होकायंत्रासाठी तयार केले. याच कंपनीने आणखी एक योजना आणली: रस्त्यात ठरावीक अंतरावर लहान चुंबक पुरायचे आणि चालकाविना चालणाऱ्या बसच्या तळाशी लावलेल्या सेन्सरने त्यांचा माग काढायचा. बोगद्यात, जिथे उपग्रहाचा संदेश पोचत नाही, तिथेही बसला वाट कळते. मोबाइलमधलं होकायंत्र इतर तत्त्वांवरही चालतं, त्यामुळे तुमच्या फोनमध्ये ही तार असेलच असं मात्र नाही.

*खूण पटवणं.* दुकानातल्या वस्तूवर किंवा ग्रंथालयातल्या पुस्तकात लपवलेली चुंबकीय पट्टी दारातून जाताना का ओरडते? दारातलं क्षेत्र पट्टीचं चुंबकत्व झटकन उलटवतं, त्या झटक्याचा ठसा वेगळा उमटतो आणि यंत्राला तो ओळखू येतो. मायक्रोवायरचा झटका तर फारच ठळक. वेगवेगळ्या क्षेत्रांना खटका पडणाऱ्या चार-पाच तारा शेजारी ठेवल्या तर त्यांचा क्रम हाच एक सांकेतिक क्रमांक होतो.

*सूक्ष्मलहरी.* तारेचे तुकडे प्लास्टिकच्या पत्र्यात पेरले तर ते छोट्या अँटेनांसारखे वागतात. बाहेरचं क्षेत्र किंवा ताण बदलला की त्या पत्र्यावरून सूक्ष्मलहरी कशा परततात हेही बदलतं. हा भाग अजून बराचसा संशोधनाच्या टप्प्यात आहे.

स्पेनमधलं माद्रिद आणि सान सेबास्तियान, रुमानियातलं याश, मोल्दोव्हातलं किशिनेव्ह ही या तारांच्या अभ्यासाची जुनी केंद्रं. आपल्याकडे जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुशास्त्रीय प्रयोगशाळेत अमॉर्फस तारा आणि त्यांच्यावर चालणारे सेन्सर यांवर काम झालं आहे. विज्ञान शाखेचा विचार करणाऱ्या मुलांना हे नाव जरूर सांगा.

अडचणीही सांगायला हव्यात

नवं तंत्रज्ञान म्हटलं की आपण फक्त गुण गातो. पण ज्या ताणाच्या संवेदनशीलतेमुळे ही तार उपयोगी पडते, तीच तिची अडचणही आहे. खटका उशिरा पडला तो तापमानामुळे की ताणामुळे, हे वेगळं करावं लागतं. काच ठिसूळ, त्यामुळे तार हाताळताना जपावं लागतं. गाभ्यातून धारा सोडायची तर टोकाची काच काढून केसाहून बारीक धातूला जोड द्यावा लागतो. शेकडो मीटर तारेत जाडी आणि काचेचं प्रमाण सारखं ठेवणंही सोपं नाही. आणि सुमारे ५०० अंशांच्या पुढे नेली तर अणू ओळी लावायला लागतात, धातू स्फटिकी होतो आणि सगळे गुण हरवतात.

वर्गात काय करता येईल?

मायक्रोवायर शाळेत मिळणार नाही, पण तिचा मुख्य धडा दोन सुयांवर दाखवता येतो.

१. एकाच पाकिटातल्या दोन जाड शिवणसुया घ्या. एक तशीच ठेवा. दुसरी पकडीत धरून ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा आणि ज्योतीपासून अगदी सावकाश दूर नेत थंड होऊ द्या. हे काम शिक्षकांनी किंवा पालकांनीच करायचं.

२. दोन्ही सुयांवर एकाच चुंबकाने, एकाच दिशेने, प्रत्येकी तीस वेळा घासा.

३. प्रत्येक सुई किती टाचण्या उचलते ते मोजा. मग दोन्ही सुया टेबलावर चार-पाच वेळा आपटून पुन्हा मोजा.

तापवून सावकाश थंड केलेली सुई सहसा चुंबकत्व कमी टिकवते. पोलाद तेच, फक्त इतिहास वेगळा.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल: सुई कारखान्यात झटकन थंड केली म्हणून कडक झाली आणि चुंबकत्व धरून ठेवू लागली, मग मायक्रोवायर तर त्याहून झटकन थंड होते, तिचं चुंबकत्व इतक्या सहज कसं उलटतं? प्रश्न उत्तम आहे. सुईत स्फटिक तयार होतात, पण वेडेवाकडे आणि ताणलेले. त्यांत डोमेनभिंती अडकून बसतात. मायक्रोवायर त्याहून हजारो पट वेगाने थंड होते, तिथे स्फटिकच तयार होत नाहीत. भिंतीला अडवायला कणांच्या हद्दीच उरत नाहीत. ‘झटकन’ या शब्दाचेही प्रकार असतात!

शाळेत ॲम्प्लिफायर असेल तर आणखी एक प्रयोग करा. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून बारीक तांब्याची वाइंडिंग वायर आणा. पेनाच्या रिकाम्या नळीवर हजारभर वेढे द्या आणि टोकं माइकच्या जागी जोडा. नळीत बांधकामाच्या बायंडिंग वायरचा तुकडा घाला आणि चुंबक सावकाश जवळ आणा. स्पीकरमधून वाळूवर पाऊल टाकल्यासारखी खसखस ऐकू येते. त्या बार्कहाउझेनच्या लहान उड्या. मग तोच तुकडा पिळून, वाकवून, सरळ करून पुन्हा ऐका. फरक पडला का, हे मुलांना ठरवू द्या.

मुलांना विचारा

१. काच चुंबकीय नसूनही तारेचं चुंबकीय वागणं कसं बदलते?

२. गाभा आणि काच दोन्ही सारख्याच प्रमाणात आकसले असते तर काय झालं असतं?

३. लोहाची तार खटक्यासारखी आणि कोबाल्टची तार हळूहळू का वागते?

४. बॅटरी नसलेली तार शरीराच्या आतलं तापमान बाहेर कसं ‘सांगते’?

यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचं उत्तर पाठ करता येत नाही. धाव आणि चाक डोळ्यांसमोर आणावं लागतं. चुंबकत्वाचा पुढचा पाठ घ्याल तेव्हा ते दोन रकाने फळ्यावर जरूर काढा. फक्त खाली थोडी जागा मोकळी ठेवा आणि एक ओळ लिहा: ‘तोच पदार्थ, पण कसा घडवला?’ त्या ओळीखाली मुलं काय काय भरतात, ते बघण्यासारखं असेल.